मुलांना उपदेशाआधी टेकू हवा

रावेर-यावल पट्ट्यात केळीला घड लागला, की शेतकरी झाडाला बांबूचा टेकू देतो. वारा अडावा म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावतो. झाडाला ‘खंबीर राहा’ असे कोणी सांगत बसत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र नेमके तेच होते. परीक्षा जवळ आल्या, की शाळेत ‘मनाने कणखर व्हा’ असे व्याख्यान ठेवले जाते. तासभर भाषण, टाळ्या, आभारप्रदर्शन, विषय संपला.

संकटातून सावरण्याची ताकद भाषणाने येत नाही. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या सुमारे ७०० मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशके अभ्यास केला. गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजारपण अशा परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुले पुढे सक्षम, मायाळू माणसे झाली. त्यांच्यात एक गोष्ट ठळकपणे दिसली. भरवशाचे निदान एक मोठे माणूस त्यांच्या आयुष्यात होते. कोणाची आजी, कोणाचे शेजारी, कोणाचे शिक्षक.

खान्देशाला हे नवे नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहातील आजारी मुलांची शुश्रूषा करत आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत.

मग हे काम आजच्या शिक्षकांवरच सोपवावे का? बिहारमधील नालंदा जिल्ह्यात माध्यमिक शाळांत एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवला गेला. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, तर काही शाळांत प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. दोष शिक्षकांना देऊन चालणार नाही. अध्यापन, पेपर तपासणी आणि निवडणुकीची कामे सांभाळून उरलेल्या वेळात मुलाचे मन कळत नाही. विशेष म्हणजे हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. त्यांच्याकडे प्रशिक्षण होते आणि मुलांसाठी राखून ठेवलेला वेळ होता.

असे माणूस आधी साक्री, शिरपूर, चोपडा भागातील आश्रमशाळांत नेमावे. तिथे अनेक मुले कित्येक महिने आईवडिलांपासून दूर राहतात.

तोवर पालक आणि शिक्षकांनी काही खुणा ओळखाव्यात. झोप-भूक बिघडणे, खेळ सोडून देणे, वारंवार गैरहजर राहणे, ‘मी नसलेलेच बरे’ असे बोलणे. याला नाटक म्हणू नये. मुलाला ओरडू नये, एकटे सोडू नये. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालतो. तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहायला फक्त खडू लागतो. समुपदेशक नेमायला मात्र पैसा लागतो, आणि तो शासनानेच द्यायला हवा.