चाळीचे गोडवे आता पुरे

कोणताही दिवाळी अंक उघडा, चाळीवर एक हळवा लेख सापडतोच. दारं कधी बंद नसायची, शेजारच्या काकू हक्काने जेवू घालायच्या, एका टीव्हीसमोर अख्खा मजला बसायचा. हे लिहिणारे बहुतेक जण ठाणे, डोंबिवली, बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये राहतात. ते तिथे गेले याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाने मोकळ्या घरात जावंच. माझा राग आहे तो त्यांनी या कोंडमाऱ्याला ‘संस्कृती’ म्हणण्यावर. मी लालबागच्या चाळीत वाढले. आमचं दार उघडं असायचं, कारण ते लावलं की आत जीव घुसमटायचा.

ही दाटी कुणा शेजारधर्मातून उगवली नाही. गिरण्यांना कामगार हवा होता आणि त्याचं कुटुंब गावी राहिलं तर कमी मजुरीत भागत होतं. म्हणून कोकणातल्या एकेका गावाची एकच खोली असायची, तिच्यात वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळवाल्या बाईकडे जेवायचे. धोबीतलावच्या गोंयकारांच्या ‘कुडी’ म्हणजे गावाच्या खोल्याही त्याच प्रकारच्या, तिथे बोटीवर जाणारे खलाशी ट्रंक ठेवून राहत. 1896च्या प्लेगनंतर सरकारला जाग आली, 1898मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे 1920च्या दशकात बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या गेल्या : वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्याचा सामायिक. तात्पुरती सोय म्हणून आलेला माणूस तिथेच लग्न करून, पोरं वाढवून म्हातारा झाला. 2001च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बायका होत्या 777. बायकांना जागाच नव्हती, हा त्या आकड्याचा अर्थ आहे.

आणि ज्या होत्या त्यांचं काय? हळव्या लेखांत त्या फक्त वाटीभर साखर देताना दिसतात. माझी आई पहाटे चारला उठायची, कारण नळाला पाणी तेव्हा यायचं. पिंप, दोन हंडे, कळशी भरून झाली की ती अंधारातच संडासला जाऊन यायची. उजाडल्यावर गॅलरीत पुरुष दात घासत उभे असत आणि त्यांच्यासमोरून डबा घेऊन जायचं तिला जिवावर यायचं. दुपारी पोटात कळ आली तरी ती संध्याकाळपर्यंत दाबून धरायची. कमी पाणी प्यायची, मजल्यावरच्या सगळ्याच बायका कमी पाणी प्यायच्या. मोरीला दार नव्हतं, पडदा होता. आंघोळीच्या वेळी आजोबा आणि काका गॅलरीत जाऊन थांबत. पाळीचे कपडे परकराखाली वाळायचे, म्हणजे वाळायचे नाहीतच. माझ्या धाकट्या काकाचं लग्न झालं तेव्हा नव्या जोडप्याला पोटमाळा मिळाला आणि खाली आम्ही सातजण झोपेचं सोंग घेऊन पडायचो. काकू वर्षभर कुणाच्या नजरेला नजर देत नसे. या बाईला विचारा चाळसंस्कृती म्हणजे काय ते.

1982च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आले आणि गिरणगावची माणसं शहराबाहेर ढकलली गेली. 2001मध्ये शहर जिल्ह्यात 33 लाख 38 हजार लोक होते, 2011मध्ये 30 लाख 85 हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली. त्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची घनता शहरापेक्षा जास्त भरली. तरीही ‘मुंबईत बाहेरून येणाऱ्यांमुळे जागा उरली नाही’ हे पालुपद आपण आळवत बसलोय. जागा आहे. लालबागच्या टॉवरमध्ये रात्री किती मजल्यांवर दिवे लागत नाहीत ते खाली उभं राहून मोजा.

मागे राहिले कोण? दोन जिने चढता न येणारी म्हातारी माणसं. पागडीच्या खोलीचे पैसे घेऊन मुंबईत कुठेच घर येणार नाही हे कळलेली कुटुंबं. आणि डोंगरी, मदनपुऱ्याच्या कारखान्यांत मशीनच्या पायाशीच झोपणारे कारागीर, ज्यांच्यावर उद्या कुणी हळवे लेख लिहू नयेत.

यांच्या डोक्यावरचं छप्पर कसं आहे? 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. 1969च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, उपकर सुरू झाला. तरी 2017मध्ये भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं मेली आणि 2019मध्ये डोंगरीत पुन्हा तेच घडलं. खोली रिकामी करणाऱ्याला संक्रमण शिबिर मिळतं, आणि तिथे जन्मलेल्या पोरांची लग्नं होतात तरी मूळ जागेवर पाया खणलेला नसतो. पुनर्विकास झालाच तर रहिवाशांची इमारत कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीला चिकटून उभी राहते, उजेड-वारा विक्रीच्या टॉवरला जातो. ही दाटीच आहे, फक्त तिला लिफ्ट बसवली आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या रहिवाशांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद झाला. 160चे 500 व्हायला शंभर वर्षं लागली, तीही जमीन सरकारची असून. खासगी मालकाच्या चाळीतल्या माणसाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

आता बाहेर गेलेल्यांशी बोलते. तुमच्यातल्या अनेकांच्या नावावर चाळीतली खोली अजून आहे. कुलूप लावून ठेवलीय, पुनर्विकासात फ्लॅट मिळेल म्हणून. रहिवाशांच्या बैठकीला तुम्ही येत नाही, विकासकाचा करार वाचत नाही, संमतीपत्र महिनोन्‌महिने अडकवून ठेवता आणि शेजारची म्हातारी टेकू लावलेल्या छताखाली झोपते. या रविवारी बैठकीला या. करार मागून घ्या, घराचं क्षेत्रफळ, भाड्याची हमी, इमारतींमधलं अंतर, दहा वर्षांनंतरचा मेंटेनन्स, एकेक कलम विचारा. पटलं तर सही करा, नाही पटलं तर तसं लेखी द्या. पण खोली अडवून ठेवू नका.