मास्टर बेडरूमचा ‘मास्टर’ कोण?

होस्टेलवर राहणाऱ्याला स्वप्नं दोनच पडतात, असं आमच्या विंगमध्ये म्हणतात. एक नोकरी लागल्याचं, आणि दुसरं अटॅच्ड बाथरूमवाल्या खोलीचं! सकाळी सात वाजता खांद्यावर टॉवेल, एका हातात बादली, दुसऱ्या हातात साबणाची डबी घेऊन जो रांगेत उभा राहिला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. “अबे, किती वेळ लावतं?” ही आमची सकाळची प्रार्थना. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी मला जेव्हा सांगितलं, “सिव्हिलले टाकलं ना तुले, आता काढ नकाशा. मागच्या खोलीले अटॅच्ड करायचं हाय,” तेव्हा मी एका पायावर तयार झालो.

मित्रांनो, हा लेख त्या नकाशाबद्दल आहे. पण खरं सांगायचं तर त्या नकाशात मी जे चुकलो, त्याबद्दल आहे.

आमचं घर दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. मागची खोली बारा बाय चौदा फुटांची. तिला पश्चिमेकडून लागून धान्याची जुनी कोठी, बारा बाय सहा. आता धान्य घरात साठवत नाही, त्यामुळे कोठीत तुटक्या खुर्च्या, पंपाचे पाइप आणि दोन पिढ्यांचा भंगार माल. मोठ्या भावाचं लग्न ठरलं होतं. तेव्हा ही खोली त्याची, कोठीत बाथरूम आणि ‘वॉर्डरोब’, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. मीही. ऑटोकॅडवर शीर्षक टाकलं: ‘मास्टर बेडरूम’.

पहिला नकाशा मी मासिकांतली चित्रं डोळ्यांसमोर ठेवून काढला. खोलीतून आधी कपड्यांच्या जागेत शिरायचं, तिथून पुढे बाथरूममध्ये. चित्रात फार झकास दिसतं. सरांना दाखवला तर ते एवढंच म्हणाले, “आंघोळीची वाफ कुठून बाहेर जाणार? साड्यांमधून?” मी गप्प. बाथरूमचं दार उघडलं की दमट हवा सरळ कपाटात. पावसाळ्यात पैठणीला बुरशी लागली की नवी वहिनी सिव्हिल इंजिनिअर दिराचं नाव काढणार, हे नक्की!

दुसरी चूक त्याहून मोठी होती आणि ती सरांनी नाही, आजीने दाखवली. तिला बिचारीला ठाऊकही नाही की तिने काही दाखवलं.

आमचा संडास अंगणाच्या टोकाला आहे. घरापासून पंचवीसेक पावलं. बांधला तेव्हा गावात त्याचं कौतुक झालं होतं, आणि तो घरापासून लांब आहे याचंही. “घरात संडास? शी!” हे वाक्य आमच्या आजीच्या पिढीचं. सुट्टीत मी रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर नकाशा काढत बसायचो. तिसऱ्या रात्री माझ्या लक्षात आलं की आजी रात्रीतून दोनदा उठते. एका हातात टॉर्च, दुसरा हात भिंतीला. भिंत संपली की तुळशीच्या ओट्याला. ओटा संपला की कशालाच नाही. मधली दहा-बारा पावलं ती तशीच, हवेत हात धरून चालते. दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, तर कळलं की आजी संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाही. “रात्री उठा लागते ना मंग,” आजी सहज म्हणाली, जशी काही हवामानाची बातमी सांगतेय.

अकोला-अमरावतीचा उन्हाळा कोणाला सांगायचा? पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, आणि आमच्या घरातली ऐंशीच्या घरातली बाई संडास लांब आहे म्हणून पाणी पीत नाही! आणि मी तिच्याच घरात, तिच्याच पैशाने एके काळी बांधलेल्या कोठीत, ‘मास्टर बेडरूम’ काढत होतो. त्या नकाशात आजीची खाट कुठेच नव्हती.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. घरात अटॅच्ड बाथरूम एकच होणार असेल, तर ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या खोलीला हवं. कमावत्याच्या नाही, नवपरिणिताच्या नाही. ज्याला रात्री अंधारात चालणं धोक्याचं आहे त्याच्या. ‘मास्टर’ हा शब्दच मुळात गडबडीचा आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या घरविक्री एजंटांच्या संघटनेने 2020 मध्ये आपल्या यादीतून ‘मास्टर’ हा शब्द काढून ‘प्रायमरी बेडरूम’ लिहायला सुरुवात केली, कारण त्या शब्दाला तिकडे गुलामगिरीचा वास येतो. आपल्याकडे तो वास नसेल, पण मालकीचा आहेच. घराचा मालक कोण, तर जो ईएमआय भरतो तो!

कोणी म्हणेल, हे अटॅच्ड-बिटॅच्ड शहरी फॅड आहे. तसं नाही. आपल्या बडनेऱ्याहून नागपूरच्या गाडीत बसा आणि सेवाग्रामला उतरा. गांधीजी 1936 मध्ये शेगाव नावाच्या ज्या खेड्यात राहायला आले, त्याचंच नाव 1940 मध्ये सेवाग्राम झालं. तिथली बापू-कुटी पाहा. माती, लाकूड, बांबू आणि कवेलू. पण आत गेल्यावर कळतं की त्या कुटीला न्हाणीघर आणि संडास जोडूनच आहे. इव्हान इलिच नावाचा विचारवंत 1978 मध्ये या कुटीत बसला होता. त्याने तिथल्या वेगवेगळ्या सात जागा मोजल्या. त्यात पाहुण्यांची एक आहे, आजाऱ्यासाठी एक आहे आणि व्यवस्थित न्हाणीघरही आहे. म्हणजे देशातल्या सर्वांत साध्या म्हणवल्या जाणाऱ्या घरात आजारी माणसाची जागा आधी ठरली होती. आमच्या सिमेंटच्या घरात ती नव्हती. साधेपणा म्हणजे गैरसोय नव्हे, हे मला चार वर्षांच्या लेक्चरपेक्षा त्या कुटीने जास्त शिकवलं.

आता थोडं आपल्या विषयाचं, म्हणजे बांधकामाचं. (इतर ब्रँचच्या मित्रांनी घाबरू नये, यात एकही डेरिव्हेशन नाही.)

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहायची खोली किमान 9.5 चौरस मीटर आणि संडास-बाथरूम एकत्र असेल तर ते किमान 2.8 चौरस मीटर, रुंदी किमान 1.2 मीटर. आमची खोली साडेपंधरा चौरस मीटर भरते. कोठीचे दोन भाग केले: आठ बाय सहाचं बाथरूम, म्हणजे जवळपास साडेचार चौरस मीटर, आणि उरलेल्या चार बाय सहात आलमारी. दोघांची दारं वेगवेगळी, दोन्ही सरळ खोलीत. साड्या कोरड्या, आजीची पावलं कमी.

कोठी पश्चिमेला आहे हे आपलं नशीब. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीला भाजतं. तिथे बाथरूम आणि आलमारी गेली की ऊन त्यांनी खायचं, झोपायची खोली मागे सावलीत. मी आधी उत्तरेची खिडकी बंद करून तिथे मोठं कपाट दाखवलं होतं. मग कूलर कुठे लावणार? डेझर्ट कूलरला एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीची घुसमट होते आणि अंथरूण ओलं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचा नकाशा वऱ्हाडात जसाच्या तसा चालत नाही, तो इथे.

सगळ्यात महत्त्वाची आपली काळी माती. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. पाय मावेल एवढ्या भेगा आपण शेतात पाहतोच. बाथरूमचा पाइप गळायला लागला की पायाखालची माती एकाच कोपऱ्यात फुगते, बाकी घर जागेवर. मग भिंतीला तिरकी चीर जाते आणि लोक म्हणतात, मिस्त्रीने सिमेंट खाल्लं. मिस्त्रीने नसेल खाल्लं, गळक्या सांध्याने खाल्लं! म्हणून जुन्या घराला नवं बाथरूम जोडताना टाइल्सचा रंग शेवटी ठरवा. आधी वॉटरप्रूफिंग, पाइपाचे सांधे, घराभोवती तीन फुटांची फरशी आणि पाणी घरापासून लांब नेणारा उतार.

आणि वास? आजीचा मुख्य आक्षेप हाच होता, तो खोटा नव्हता. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. आपल्याकडे मे महिन्यात बाथरूम काही दिवस वापरलं नाही की ते पाणी वाळून जातं आणि वास सरळ खोलीत येतो. उपाय फुकट आहे, अधूनमधून तांब्याभर पाणी ओता. शिवाय बाहेरच्या भिंतीला खिडकी आणि सेप्टिक टँकला व्हेंट पाइप. एवढं सांगितल्यावर आजी म्हणाली, “पाहू मंग.” आमच्याकडे ‘पाहू’ म्हणजे अर्धा होकार.

म्हाताऱ्या माणसासाठी म्हणून जे बदल केले, त्यांना पैसा फार लागत नाही, हेही आवर्जून सांगतो. बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. दार अडीचऐवजी तीन फुटांचं, उद्या वॉकर किंवा व्हीलचेअर आली तर. उंबरा नाही, नुसता उतार. कमोडच्या बाजूला भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा. (टॉवेलच्या दांडीला धरून कोणी उठू नये, ती टॉवेलसाठीच असते.) फरशी खरखरीत. खाटेवरून हात पुरेल असं दिव्याचं बटण. बस! यातलं काहीही नकाशात आधी असलं तर जवळपास फुकट, नंतर तोडफोड करून केलं तर महाग.

आता घरातला वाद. भाऊ नाराज झाला, ते स्वाभाविक होतं. त्याचं म्हणणं, नव्या माणसाने आपल्या घरी यायचं आणि आंघोळीला सगळ्यांसमोरून अंगण ओलांडायचं? यात तथ्य आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत सुनांनी हे वर्षानुवर्षं सोसलं आहे आणि आम्ही पोरांनी त्याचा कधी विचार केला नाही. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, “मी आली तेव्हा आंघोळ पहाटे चारले उरकून घेओ.” कारण मला विचारावं लागलं नाही.

पण पैसे एकाच बाथरूमपुरते होते. शेवटी तोडगा असा निघाला: मागची खोली आणि अटॅच्ड आजीला. भाऊ-वहिनीला समोरची खोली. अंगणातल्या न्हाणीपर्यंत पत्र्याची बंद वाट, दिवा आणि आतून लागणारी कडी. पुढच्या कापसाचे पैसे आले की त्यांच्या खोलीला दुसरं बाथरूम. त्यासाठी पाइपाची जागा आताच सोडून ठेवली आहे. सगळे खूश झाले असं मी म्हणणार नाही. भाऊ अजून मला ‘आजीचा आर्किटेक्ट’ म्हणतो. पण वहिनी लग्नाआधी घर पाहायला आली, तेव्हा तिने आधी त्या पत्र्याच्या वाटेची कडी लावून पाहिली, हे मी पाहिलं.

आलमारीचा किस्सा राहिलाच. मी आजीच्या उंचीचा विचार करून खण खाली घेतले, कपडे टांगायची दांडी खाली घेतली आणि तिला विचारलं, तुझं सामान किती? आजीने खाटेखालून पत्र्याची सांदूक ओढली. दोन लुगडी, एक शाल, आजोबांचा चष्मा, पोथी, औषधांची पिशवी. झालं. साठ वर्षं त्या घरात राहून तिच्या नावाचा एक खण नव्हता. सगळ्यांची धान्यं, कपडे, कागदपत्रं तिने सांभाळली आणि स्वतःचं खाटेखाली ठेवलं. “माह्यासाठी कायले एवढा खर्च करता बापा?” ती म्हणत राहिली. पण काम झाल्यावर सांदूक तिने स्वतः रिकामी केली आणि वरच्या खणात चष्मा ठेवला.

शेवटी एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी, होस्टेलकरांसाठी आणि सरांसाठीही. आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं आहे ते गाडगेबाबा 1876 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले आणि हातात खराटा घेऊन आयुष्यभर दुसऱ्यांची गावं झाडत फिरले. आपण अटॅच्डची स्वप्नं पाहतो, पण ते धुणार कोण, याचा विचार कुणी स्वप्नात करत नाही. आजीच्या बाथरूमची पाळी घरात सध्या बाबांची, भावाची आणि सुट्टीत माझी आहे. सांगायला थोडी लाज वाटते, पण ब्रश मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला. इथे विंगमध्ये ते काम दुसरं कोणी करतं म्हणून आपल्याला कळत नाही, एवढंच.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुम्ही घराचा नकाशा काढाल, स्वतःचा किंवा पैसे घेऊन दुसऱ्याचा. खोलीचं माप घेण्याआधी त्या घरात एक रात्र जागे राहा. रात्री दोन वाजता कोण उठतं, ते पाहा. नकाशा त्याच्यापासून सुरू करा.

या उन्हाळ्यात घरी फोन केला होता. आई म्हणाली, आजी आता झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते.