जागाल्चीच्या मावश्या

दक्षिण कोरियातल्या बुसानला गेलात, तर दुपारचं जेवण जागाल्चीच्या मासळीबाजारातच घ्या. तळमजल्यावर जिवंत मासा निवडायचा नि वरच्या मजल्यावर जेवायला बसायचं. बसण्याचे माणशी पैसे वेगळे. पण किमचीसारखी तोंडीलावणी फुकट, हवी तेवढी! माशाचे पातळ काप कच्चेच येतात. नको असतील तर भाजून मागा. उरलेल्या डोक्या-काट्यांचं झणझणीत कालवण शेवटी येतं.

विकणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांना ‘जागाल्ची आजीमे’, म्हणजे जागाल्चीच्या मावश्या म्हणतात. १९५०-५३च्या युद्धात घरदार गमावलेल्या कितीतरी बायकांनी इथेच मासे विकून मुलं वाढवली. म्हणून मावशीशी भाव जरूर करा, पण आपल्या कोळणीशी करतो तसा, हसतखेळत!