प्रोसेसर बदलतो तेव्हा संहितेचे काय होते?

साहित्याच्या अध्यापकांनी संगणकाच्या प्रोसेसरविषयी लिहावे, हे काहींना अधिकारातिक्रमण वाटेल. 'तो तंत्रज्ञांचा प्रांत. आपण संहितेपुरते बोलावे', हा सल्ला आम्हांला नवा नाही. परंतु संहितेपुरते बोलायचे म्हणूनच हा विषय काढणे भाग आहे.

प्रत्येक प्रोसेसरला आज्ञांचा एक ठरावीक संच कळतो. चित्र काढण्याचा, पाने जुळवण्याचा किंवा स्वरलेखनाचा प्रोग्रॅम बाजारात येतो तो अशा एखाद्या संचात उतरवलेला असतो. दुसऱ्या घराण्याचा प्रोसेसर आला की त्या आज्ञा त्याला परक्या होतात. मग दोनच मार्ग उरतात. सोर्स कोड ज्याच्यापाशी आहे त्याने तो प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा उतरवून द्यावा, किंवा मध्ये एखादा दुभाषा बसवावा. पहिला मार्ग वापरणाऱ्याच्या हाती नसतो; दुसरा अल्पायुषी असतो.

किती अल्पायुषी? ॲपलने २००६ मध्ये पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर घेतले, तेव्हा जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी दिलेल्या दुभाष्याला 'रोझेटा' असे नाव दिले. ज्या शिळेवरून हे नाव घेतले ती इसवीसनपूर्व १९६ मधील. दोन हजार वर्षांनंतरही तिच्या आधारे मृत लिपी वाचता आली. तिचे नाव मिरवणारा दुभाषा २०११ मध्ये, अवघ्या पाच वर्षांत, काढून टाकण्यात आला. २०२० मध्ये कंपनीने स्वतःचे प्रोसेसर आणले आणि पुन्हा त्याच नावाचा दुसरा दुभाषा दिला. मॅकओएस २७ नंतर, काही जुन्या खेळांपुरता अपवाद सोडल्यास, तोही राहणार नाही, हे २०२५ मध्ये जाहीर झाले आहे.

यात कोण बळी जाते हे पाहायचे असेल तर 'फ्रीहँड' या चित्रप्रोग्रॅमचे उदाहरण पुरेसे आहे. २००५ मध्ये तो ॲडोबीच्या मालकीचा झाला. त्याच कंपनीचा 'इलस्ट्रेटर' हा त्याचा प्रतिस्पर्धी होता. २००७ मध्ये फ्रीहँडचा विकास थांबल्याचे सांगण्यात आले. इंटेल मॅकसाठी तो कधीच उतरवला गेला नाही. रोझेटा गेला आणि नव्या मॅकवर फ्रीहँडही संपला. २०११ मध्ये त्याच्या वापरकर्त्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले. चित्रकारांनी आपल्या कुंचल्यासाठी कज्जा करावा, ही घटना आमच्या मते कलेच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

'हे परदेशातील चित्रकारांचे दुखणे. मराठीचा त्याच्याशी काय संबंध?' संबंध फार निकटचा आहे. मराठीतील कित्येक नियतकालिके, स्मरणिका आणि पुस्तके पेजमेकरमध्ये जुळवली गेली. पेजमेकरची अखेरची, सातवी आवृत्ती २००१ ची. मॅकवर तो जुन्या प्रणालीच्या आश्रयानेच चालत असे आणि इंटेलच्या यंत्रांवर तो आश्रयही उरला नाही. विंडोजने जुन्याला अधिक काळ सांभाळून घेतले, म्हणून आपल्याकडील संकट लांबले, टळले नाही. शिवाय या फायलींतील अक्षरे युनिकोडमध्ये नाहीत. त्या त्या फॉन्टने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले आहेत. फॉन्ट गेला की 'ज्ञानेश्वरी'चीही निरर्थक रोमन चिन्हे होतात.

यावर ठरलेले उत्तर येते: 'पीडीएफ करून ठेवा.' पीडीएफमध्ये पान दिसते, हे खरे. परंतु अशा फॉन्टच्या पीडीएफमध्ये एखादा शब्द शोधून पाहावा, सापडणार नाही. उतारा नकलून घ्यावा. हाती कचरा येईल. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा वाचक प्रोग्रॅम तो कचराच मोठ्याने वाचतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी याला संहितेचे जतन म्हणावे काय? ते संहितेचे छायाचित्र आहे.

दुसरा आक्षेप प्रगतीचा. नवे प्रोसेसर कमी विजेत अधिक काम करतात, याविषयी आमचे काही म्हणणे नाही. प्रोसेसर बदलावेत; त्या बदलाची किंमत कोणी मोजायची, एवढाच वाद आहे. डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये घडवलेला 'टेक' हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम आजही नव्या यंत्रांवर चालतो, कारण त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे आणि त्यात लिहिलेली फाइल साध्या मजकुराची असते. त्याची नवी रूपे युनिकोडमधील देवनागरीही जुळवतात. तेव्हा जुन्या फायलींचे मरण हा निसर्गनियम नव्हे. तो मालकीचा परिणाम आहे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक लेखकाने प्रकाशकाकडून छापील प्रतींबरोबर अंतिम मजकुराची युनिकोड फाइल मागून घ्यावी आणि करारात तसे कलम घालावे. महाविद्यालयांनी आपले वार्षिकांक, विद्यापीठांनी आपल्या संशोधनपत्रिका, जुने संगणक भंगारात जाण्यापूर्वी युनिकोडमध्ये आणाव्यात आणि रूपांतरात शिरलेल्या चुका छापील प्रतीशी ताडून दुरुस्त कराव्यात. हे काम तंत्रज्ञ एकटा करू शकणार नाही. रफार कुठे सरकला, जोडाक्षर कुठे फुटले, हे ओळखायला मराठी वाचणारा माणूस लागतो. आपल्या पदव्युत्तर विभागांत अशी माणसे दरवर्षी येतात; पाठचिकित्सेच्या प्रात्यक्षिकासाठी याहून योग्य सामग्री त्यांना कोठे मिळणार आहे?

हस्तलिखितांना वाळवी लागली तेव्हा आपल्या पूर्वसूरींनी नकला करून ग्रंथ वाचवले. आज वाळवी दिसत नाही, म्हणून आपण स्वस्थ आहोत. हे स्वास्थ्य आम्हांला मान्य नाही.