स्टॅनला झोडपा, पण माहिती घेऊन


रॅपर एमसी स्टॅनवर तुम्ही छापलेले टीकेचे पत्र वाचले. त्यातले ‘बिग बॉसने मोठा केलेला पोरगा’ हे काही पटले नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतला स्टॅन, म्हणजे अल्ताफ शेख, 2018 मध्येच ‘वाटा’ या गाण्यामुळे पोरांच्या तोंडी होता, 2020 मध्ये ‘तडीपार’ हा अल्बम आला. फेब्रुवारी 2023 मध्ये अमरावतीच्या शिव ठाकरेला मागे टाकून तो ‘बिग बॉस’ हा टीव्हीवरचा खेळ जिंकला, ते याच चाहत्यांच्या जोरावर. इथे धडगावच्या बाजारात मोबाइलच्या दुकानापाशी पावरी बोलीत गप्पा ठोकणारी पोरेही त्याच्यासारखे केस राखून, गळ्यात खोटी साखळी घालून उभी असतात. (आईबापांना ताप, हे कबूल.)

त्याच्या गाण्यांतल्या शिव्यांवरचा आक्षेप अर्धाच खरा. शिमग्याला आपण काय अभंग म्हणतो? बायकांविषयीचे त्याचे बोल मात्र मलाही खटकतात. पत्रलेखकाने तिथे खरपूस समाचार घ्यायला हवा होता. ते राहिले बाजूला, आणि मार्च 2023 मध्ये त्याचा इंदूरचा कार्यक्रम काही संघटनांच्या विरोधामुळे बंद पडला याचेच कौतुक! गाणे नको असेल तर तिकीट काढू नये. ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते?

– एक वाचक, धडगाव (जि. नंदुरबार)