वेगवान काडतुसाचा गाजावाजा आणि पलटणीची रसद

हैदराबादचा बेगम बाजार आज मसाले, सुकामेवा आणि भांड्यांच्या घाऊक व्यापारासाठी ओळखला जातो. ही जागा निजाम अली खानाच्या हमदा बेगमेने व्यापाऱ्यांना दिली होती. त्याच निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सेनानीचा तोफा ओतण्याचा कारखाना, ‘तोप का सांचा’, तेथून फार दूर नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर रेमंडच्या कवायती पलटणी मोडल्या नव्हत्या. निजामाने मात्र रात्रीतच माघार घेतली, तो खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि दाणापाणी तुटल्यावर त्याला मराठ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. त्या काळातील अद्ययावत शस्त्र हाती असूनही लढाईचा निकाल रसदेने लावला.

हा दाखला आज आठवण्याचे कारण म्हणजे रायफलच्या नव्या अतिवेगवान काडतुसांविषयी जगभर चाललेली चर्चा. अमेरिकी लष्कराने एप्रिल २०२२ मध्ये सिग सॉअर कंपनीला ६.८ बाय ५१ मिलिमीटरच्या काडतुसाचे आणि ते झाडणाऱ्या रायफलचे कंत्राट दिले. या काडतुसाची पुंगळी नेहमीसारखी निव्वळ पितळेची नाही. तिचा तळ पोलादाचा आहे. कारण आतला दाब दर चौरस इंचास ८० हजार पौंडांपर्यंत जातो. प्रचलित लष्करी काडतुसांत तो साधारण ६० हजारांच्या आसपास असतो. एवढ्या दाबामुळे आखूड नळीतूनही गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या घरात वेग गाठते. दूरवरच्या शत्रूचे चिलखत भेदणे हा त्यामागील घोषित हेतू आहे.

पण या वेगाची किंमत जवानाच्या खांद्यावर पडते. जुन्या रायफलसाठी तो तीस-तीस गोळ्यांची सात मॅगझिन, म्हणजे २१० काडतुसे बाळगत असे. नव्या रायफलच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या मावतात. सातांच्या मिळून १४० होतात. रायफल अधिक जड, धक्का अधिक, नळीची झीज अधिक. २०२५ मध्ये अमेरिकेच्याच एका कॅप्टनने या उणिवांवर जाहीर टीका केली. कंपनीने ती फेटाळली आणि लष्कराने त्याच वर्षी रायफलला रीतसर मान्यता दिली. वाद मात्र मिटलेला नाही.

भारताचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने घडवलेल्या इन्सास रायफलची ५.५६ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. म्हणजे वेग आपल्याकडे नव्वदीच्या दशकातच आला होता. कारगिलच्या थंडीत तक्रारी झाल्या त्या तडकणाऱ्या मॅगझिनच्या आणि अडकणाऱ्या यंत्रणेच्या. पुढे गोळी हलकी पडते, शत्रू जखमी होऊनही लढत राहतो, हा आक्षेप बळावला. आता इन्सासची जागा प्रामुख्याने एके-२०३ घेत आहे. डिसेंबर २०२१ च्या करारानुसार अमेठीजवळच्या कोरवा येथे अशा सहा लाखांहून अधिक रायफली तयार व्हायच्या आहेत, आणि त्यांच्या गोळीचा वेग आहे सेकंदाला जेमतेम ७१५ मीटर! वेगाची महती गाणाऱ्यांनी या निवडीचा अर्थ लावून पाहावा.

चिलखत भेदण्याचे श्रेयही एकट्या वेगाला देता येत नाही. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस पुलवामातील लेथपोरा येथे सीआरपीएफच्या तळावर हल्ला झाला. त्यात दहशतवाद्यांनी पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्याचे समोर आले. त्या एके रायफलच्या, म्हणजे याच संथ जातीच्या होत्या. भेद केला तो गाभ्याच्या कठीणपणाने. स्नायपरसाठी २०१९ मध्ये उत्तर विभागाने घेतलेल्या .३३८ लापुआ मॅग्नम रायफलींचेही तसेच. त्यांच्या गोळीचा आरंभीचा वेग इन्सासच्या गोळीएवढाच, पण वजन चौपट. म्हणून ती दूरपर्यंत आपली ताकद टिकवते.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात ‘उग्रम’ रायफलचे अनावरण झाले. एआरडीईने ती हैदराबादच्या द्वीपा आर्मर या खासगी कंपनीच्या साहाय्याने शंभर दिवसांच्या आत तयार केली. वजन चार किलोच्या आत, पल्ला ५०० मीटर, काडतूस ७.६२ बाय ५१. हे जुनेच, परिचित काडतूस निवडले हा या प्रकल्पातील शहाणपणाचा भाग होय. कारण आपल्या पायदळाची खरी अडचण वेगाची नसून विविधतेची आहे. एके-२०३ ला ७.६२ बाय ३९ लागते. अमेरिकेकडून घेतलेल्या सिग ७१६ ला आणि इस्रायली नेगेव्ह मशीनगनला ७.६२ बाय ५१; तर ज्या नव्या कार्बाइनसाठी २०२५ मध्ये पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली, तिला पुन्हा ५.५६. एकाच पलटणीला तीन काडतुसे पुरवायची, तीही खेचराच्या पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरने, बारा-पंधरा हजार फुटांवर! त्यात ६.८ ची चौथी भर घालावी, असे सुचवणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

उद्या शेजारी देशांचे सैनिक सर्रास जड चिलखत घालून समोर आले, तर अधिक दाबाच्या काडतुसाचा विचार टाळता येणार नाही, हे मान्य. एआरडीईने त्याचा अभ्यास जरूर करावा. वरणगाव आणि खडकीच्या कारखान्यांनी तशा पुंगळ्या घडवून पाहाव्यात. पण खरेदीच्या रांगेत हा विषय आज पुढे आणण्याचे कारण दिसत नाही. आपल्या सीमेलगत, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात शिकणाऱ्या जवानाला वर्षाकाठी सरावासाठी किती गोळ्या मिळतात, त्याच्या रायफलवर चांगली दुर्बीण आहे का, आणि त्याला मिळणारे प्रत्येक खेपेचे काडतूस एकसारखे असते का, या प्रश्नांवर खर्च केलेला रुपया नेम सुधारतो. सेकंदाला शंभर मीटर अधिक वेग असलेली गोळीसुद्धा चुकल्यावर शत्रूच्या बाजूनेच निघून जाते.