हक्क कागदावर, जाळे काठावर!

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पण चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी हक्क बजावला तेव्हा!

आज आदिवासी त्याच पायरीवर उभा आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना मध्य प्रदेश सरकारने तोतलाडोह जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले! १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने टिकवले, पण फोटोचे ओळखपत्र आणि कडक अटी लावून. परवाना ही सरकारची मेहेरबानी; देणारा तो काढूनही घेतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ ने मात्र वनक्षेत्रातील पाण्यातल्या मासळीवर सामूहिक हक्क मान्य केला. राष्ट्रीय उद्यानेही त्यातून सुटत नाहीत. पण दावा ग्रामसभेत दाखल करावा लागतो, पुरावे जोडावे लागतात. गरीब माणूस तिथेच अडतो.

तासगावच्या येरळाकाठी बसून ‘आपल्याला काय त्याचे?’ असे आपण म्हणू नये. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? चळवळीतल्या वकिलांनी फी न घेता हे दावे लिहून द्यावेत. कायदा पुस्तकात आहे. तो काठावर नेणे आपले काम आहे.